सतरा

पान म्हणू नका त्याला, सेर्वुलो सांगायचे,
ते खोड आहे, चपटं झालेलं.
पानं त्यानं केव्हाच सोडून दिली.

पुरुषांचा वॉर्ड, म्हापशाचं इस्पितळ, खाट अकरा.
सेर्वुलो ब्रागांझा, राहणार हळदोणे,
पायांना सूज, छातीत पाणी,
आणि उशाखाली जुन्या पेपरात गुंडाळलेलं
वीतभर हिरवं, कडांना खाचा,
मधोमध बॉलपेननं कोरलेला आकडा : १७.
घरी जाताना माझ्या तळहातावर ठेवलं
सुटे पैसे परत करावेत तसं.
फूल कसलं येतं? रंग कुठला?
"तें ताकाच विचार, बाये. पूण तांतड करूं नाका."

आठवडाभर फ्रिजवर सुकू दिलं,
कापल्या जागी खपली धरेपर्यंत.
खपली धरली की नाही, एवढं मला कळतं,
पगारच त्याचा मिळतो.
मग सोडणं बारीक तोडून घातली,
इस्त्रीवाल्याकडचा मूठभर कोळसा, जांभ्याची खडी,
माती नावापुरती.
हे झाडाच्या खांद्यावर राहणारं झाड,
पाय ओले ठेवले की कुजतं.
जून लागला की कुंडी भिंतीशी ओढायची,
सकाळी ड्यूटीवरून आले की
गोगलगायी चिमट्यानं उचलायच्या,
हात धुवायचे, झोपायचं.

खालच्या मजल्यावर नाटेकरबाईंचं ब्रह्मकमळ,
एका रात्रीत एकोणीस फुलं.
आरती, पेढे, सगळी बिल्डिंग जिन्यात.
मी नाइटला.
मला दिसायची ती सकाळी, माना टाकलेली,
काढून ठेवलेल्या ओल्या हातमोज्यांसारखी.
तुमचंही तसलंच, सगळे म्हणाले,
कळी आली की हाक मारा.

पहिल्या वर्षी नुसता एक चाबूक वाढला, छतापर्यंत.
दुसऱ्या वर्षी आणखी दोन.
तिसऱ्या वर्षी मला वाटलं, बिचाऱ्याला जागा अपुरी पडते,
मोठी कुंडी आणली.
चूक. त्याला दाटीच लागते,
मुळांनी मुळांना ढोपर मारल्याशिवाय ते फुलाचं मनावर घेत नाही.
चौथ्या वर्षी कळी आली.
खुर्चीतून नीट दिसावी म्हणून मी कुंडी फिरवली.
दोन दिवस तिनं मान वळवून वळवून
आधीचा उजेड शोधला,
तिसऱ्या दिवशी फरशीवर.
कुणाला सांगितलं नाही.

पाचवा एप्रिल. पुन्हा एकच, बोटभर, तांबूस सालीची.
कुंडीला हात लावला नाही.
डिमेलोशी नाइट बदलून घेतली, दोनदा,
बदल्यात तिचा एक रविवार आणि एक फेस्ताचा दिवस.
दोन्ही रात्री दोनपर्यंत बसले.
नाटेकरबाई ताम्हन तयार ठेवून
सोफ्यावर पेंगत होत्या.
कळी मिटून.

तिसऱ्या रात्री कामावर गेले.
सकाळी साडेआठला दार उघडलं,
पर्स अजून खांद्याला,
आणि गॅलरीत
आगळ सांडल्यासारखं लाल,
कडेकडेला जांभळं होत गेलेलं,
ताटलीएवढं, भर उन्हात, उघड.

दिवसा फुलणारं होतं ते.
पाच वर्षं मी त्याची रात्री वाट पाहत होते.

नाटेकरबाई आल्या, वाकून हुंगलं.
"वासच नाही? मग हे ते नव्हे."
ताम्हन घेऊन परत गेल्या.

मी बूट न काढता समोर बसले.
चहात पाव बुडवून खाल्ला, तोही अर्धा चहातच राहिला.
एरवी ह्या वेळी पडदे ओढून
दिवसाची रात्र करून घेते.
तीन दिवस ते टिकलं. तीन दिवस मी कमी झोपले.
एका पेशंटला दुसऱ्याचं नाव घेऊन हाक मारली,
तो हसला.

बुडाचं पहिलं खोड आता लाकडासारखं.
त्यावर सतरा अजून आहे,
तपकिरी, बऱ्या झालेल्या ओरखड्यासारखा.
आधीचे सोळा कुठल्या रंगांचे होते?
अठरावं कुणाला दिलं?
ब्रश घेऊन एकाचं पराग दुसऱ्याला लावत
किती सकाळी बसला असेल हा माणूस?

खाट अकरावर त्यानंतर किती आले,
रजिस्टरात सापडेल.
हळदोण्याची बस पावणेदहाला सुटते.
हे मला पाच वर्षं पाठ आहे.